उंचवट्याखालचा पूल

आमच्या गावाचे दोन भाग आहेत, अलीकडचा आणि पलीकडचा. कशाच्या अलीकडे आणि कशाच्या पलीकडे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मधे ना ओढा, ना नाला. नदी आहे, पण ती गावाला लांबून वळसा घालून टेकडीच्या पायथ्याशी वाहते. दोन्ही भागांना जोडणारा एकच बाजाररस्ता, आणि त्याच्या मध्यावर एक उंचवटा. सायकलवाले तिथे खाली उतरत, हातगाडीवाले दम खायला थांबत, आणि थांबलेला माणूस गप्प थोडाच बसतो? गावातल्या निम्म्या बातम्या त्या उंचवट्यावरच पिकत.

उंचवट्याच्या कडेला शिंपीणबाईंचं दुकान होतं. त्या माहेरच्या पलीकडच्या, लग्न होऊन अलीकडे आलेल्या. नवरा ट्रकवर, महिन्यातले मोजके दिवस घरी. बाकी घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. दोघींचं तसं बरं चाललं होतं, पण भाजीत मीठ कमी पडलं की सासूबाई हमखास म्हणायच्या, "पलीकडची ना तू, हात आखडता असायचाच." शिंपीणबाई हसून सोडून द्यायच्या. दुकान सासूबाईंनी स्वतः उभं केलेलं होतं, गुडघे धरेपर्यंत तिथलं मशीन त्यांनीच चालवलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते. दुकानात गणवेशांचा ढीग पडला होता. दुपारी शिंपीणबाई मागच्या खोलीत एका सदऱ्याची बाही जोडत असताना मशीनचा एक पाय खचला. त्यांनी पायडल थांबवलं, वाकून पाहिलं, तर खालची फरशी तिरकी झालेली. फरशीची कड उचलायला त्या खाली बसल्या, तशी मांडीवरची कात्री घसरली आणि फटीतून आत गेली. फरशीखाली माती असते, हे सगळ्यांनाच माहीत. पण कात्री मातीत पडल्याचा आवाज आला नाही. क्षणभराने, खूप खालून, दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

शिंपीणबाई हळूच मागे सरकल्या आणि दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

गावच्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ बांधायचा, पण स्वतः चालायचा वाकून. त्याने फरशी काढली, पोटावर झोपून भोकातून बॅटरी फिरवली.

"काय आहे रे?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"वहिनी," तो उठून बसत म्हणाला, "तुमच्या दुकानाखाली जमीनच नाही."

बातमी पसरायला उंचवट्यावर कितीसा वेळ लागणार? भूगोलाचे मास्तर घरून तसेच चालत आले. शिडी आणली, दोर आणले. आधी कोण उतरणार यावर पुरुषमंडळींचा खल सुरू झाला, तेव्हा शिंपीणबाईंनी कंबर कसली. "दुकान माझं, कात्री माझी. मीच उतरते," त्या म्हणाल्या आणि शिडीवर पाय ठेवलासुद्धा. त्यांच्यामागून ओळंबा आणि मास्तर उतरले.

खाली गारवा होता, आणि हवेला जुन्या माठासारखा वास होता. ओळंब्याने बॅटरी वर केली. डोक्यावर दगडी कमान होती. एवढी मोठी, की तिचं दुसरं टोक उजेडात येत नव्हतं. दगडाला दगड असा बसवलेला, की शिंपीणबाईंनी सांध्यावरून नख फिरवलं तर ते कुठे अडकलं नाही. ओळंब्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पूल आहे हा," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "आपला बाजाररस्ता पुलावरून जातो."

पायाखाली वाळू होती, आणि वाळूवर पाण्याच्या लाटांच्या सुरकुत्या जशाच्या तशा. शिंपल्या पडल्या होत्या. कमानीच्या पायाला लोखंडी कडं होतं, आणि दोरानं घासून घासून दगडाला खाच पडलेली होती. इथे कुणीतरी रोज नाव बांधत होतं.

मास्तरांनी तिथेच उभ्या उभ्या सगळं उलगडलं. नदी मुळात इथूनच वाहायची. कधीतरी वरच्या टेकडीची मोठी कड कोसळली असावी. पुराबरोबर गाळ आला, पुलाच्या दोन्ही बाजू बंद झाल्या, आणि अडलेल्या नदीने टेकडीच्या पायथ्याने नवी वाट काढली. त्याच गाळावर लोकांनी पुन्हा घरं बांधली, शेतं केली. कमानीखालची पोकळी तेवढी तशीच राहिली. "नदी गेली, पूल विस्मरणात गेला, पण बोलण्यातलं अलीकडे-पलीकडे काही गेलं नाही," ते म्हणाले. "आपण रोज नदीचं नाव घेत होतो, आपल्यालाच पत्ता नव्हता."

शिंपीणबाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्या एका कोपऱ्यात उकिडव्या बसल्या होत्या. तिथे वाळू संपून वाळलेला, भेगाळलेला चिखल होता, आणि त्यात अनवाणी पावलं उमटलेली होती. एक रांग मोठ्या माणसाची. शेजारी अगदी लहान पावलांची. दोन्ही बरोबर चालत आलेल्या. मग एका जागी लहान पावलं थांबली होती.

"लेकरू कुठे गेलं?" ओळंब्याने विचारलं.

शिंपीणबाईंनी पुढे बोट केलं. तिथून मोठी पावलं एकटीच गेली होती, पण जास्त खोल रुतलेली. "कडेवर घेतलं," त्या म्हणाल्या.

पावलं पुलाच्या पायथ्याशी वर चढायच्या बाजूला जात होती, एवढं दिसत होतं. त्या दिवशी शिंपीणबाई कात्री न शोधताच वर आल्या.

शाळा सुरू झाल्यावर नगरपालिकेने इंजिनिअर बोलावला. त्याने ठोकून, मोजून सांगितलं की पूल ठणठणीत आहे, ट्रक जाऊ देत खुशाल. धोका आहे तो कडेच्या दुकानालाच, त्याची मागची खोली पुलाबाहेर, गाळाच्या पातळ थरावर उभी आहे. दोन उपाय होते. काँक्रीट ओतून सगळी पोकळी बुजवायची, म्हणजे दुकान आहे तसं राहील. किंवा दुकानाची मागची खोली सोडायची आणि तिथून खाली जिना करायचा. ठरवायचं होतं घरच्यांनी.

"बुजवून टाका," सासूबाई म्हणाल्या. "पोटापाण्याच्या जागेत भगदाड ठेवून गावाला तमाशा दाखवायचा आहे का?"

"बुजवू," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण आधी तुम्ही एकदा बघून या."

सासूबाईंचे गुडघे शिडी चढण्यातले नव्हते. शेवटी दुकानातल्या खुर्चीला दोर बांधून चौघांनी त्यांना खाली सोडलं. जाताना "हळू रे, मी काय धान्याचं पोतं आहे का" म्हणून सगळ्यांचा उद्धार चालला होता. कमानीखाली पोचल्यावर तो बंद झाला.

आधीच शिडीने उतरलेल्या शिंपीणबाईंनी त्यांना पावलं दाखवली. त्या खुर्चीतच पुढे वाकल्या, लहान पावलाशेजारी हवेत हात धरून त्याचं माप घेतलं, आणि हात तसाच राहिला. मग दोघी नुसत्या बसल्या. डोक्यावरून गावाचा आवाज येत होता, दगडातून गाळून आल्यासारखा. पावलं, चाकं, कुणाची तरी काठी.

"हा दूधवाला," सासूबाई पुटपुटल्या. "डावा पाय ओढतो बघ. आणि ही पोरं पळताहेत, शाळा सुटली वाटतं." त्यांनी सुनेचा हात धरला. "अगं, जन्मभर मी यावर बसून मशीन चालवलं. आपल्याला धरून कोण उभं आहे, याचा कधी विचारसुद्धा मनाला शिवला नाही."

दगडावर त्यांनी तळवा टेकला. वरून ट्रक गेला. दगड जरासुद्धा हलला नाही.

"मशीन पुढच्या खिडकीशी लाव," त्या म्हणाल्या. "उजेडही चांगला मिळेल."

वरून ओळंब्याने हाक मारली, "काकू, ओढायचं का? चहा निवतोय."

"खाली पाठव," सासूबाई म्हणाल्या. "दोन कप."