महिला सभेची वही

वित्त आयोगाचा निधी वाटायची त्या गावाची एक रीत होती. सहा वस्त्या, सहा वर्षं, दरवर्षी एकीचा नंबर. गरज कुणाला जास्त, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. सायखेड्याच्या अंगाचं हे गाव निधीवरून कधी भांडलं नाही, एवढं मात्र खरं.

यंदा गायमळ्याचा नंबर होता, आणि तिथल्या अंगणवाडी सेविका मंगलाबाई त्याची सहा वर्षं वाट बघत होत्या. त्यांच्या अंगणवाडीला खोलीच नव्हती. बावीस पोरं देवळाच्या मंडपात बसायची आणि शी-शूला मागे पाटाच्या कडेला जायची. मागच्या आवर्तनाला, पाट भरून वाहत असताना, वस्तीवरच्या नवसाबाईंची नात आरोही तिथूनच पाण्यात घसरली. मंगलाबाईंनी वेणी धरून ओढली म्हणून वाचली. तेव्हापासून पाटाला पाणी सुटलं की बाई दिवसातून दहादा पोरं मोजायच्या. एक खोली आणि संडास, दुसरं त्यांना काही नको होतं.

ग्रामसभेत त्यांनी ते नीट मांडलं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी शांतपणे महिला सभेची वही काढली. महिलांचा ठराव आधीच झाला होता: गायमळ्याचा निधी देवळापुढच्या पेव्हर ब्लॉकला. खाली त्रेचाळीस सह्या, पहिली मंगलाबाईंची.

आता ही महिला सभा काय चीज होती, ते सांगायला हवं. ती भरतच नसे. वही दारोदार फिरायची, बाया पिठाच्या हातानं सह्या करायच्या, आणि वर कोऱ्या सोडलेल्या जागेत ठराव मागाहून ऑफिसात लिहिला जायचा. वही फिरवायची कुणी? मंगलाबाईंनीच. नऊ वर्षं त्यांनी हे काम इमानेइतबारे केलं आणि वरची जागा कोरी का, हे एकदाही विचारलं नाही. घ्या आता!

सरपंच गोटीराम समजुतीनं म्हणाले की बायांनीच मागितलंय, खोलीचं पुढच्या नंबराला बघू. भाऊसाहेबांनी वही पुढे सरकवली.

"सही तुमचीच ना, बाई?"

मंगलाबाईंना स्वतःचाच भयंकर राग आला. गप्प बसल्या असत्या तर विषय तिथंच मिटला असता. पण त्यांची नजर सभेच्या तारखेवर गेली. त्या दिवशी सगळ्या सेविकांचं नाशकात प्रशिक्षण होतं. तिथल्या द्वारका चौकात बस अडकली म्हणून बाईंची हजेरी उशिराची लागली होती. बोलावं तर खोटी सही अंगाशी येणार, न बोलावं तर आणखी सहा वर्षं पाट.

"सही माझीच हाय," त्या उठून म्हणाल्या. "पण त्या दिवशी मी नाशकात होते. सभा झालीच नाय. कोरी वही मीच फिरवली. लिहून घ्या तसं."

पंचायत समितीचे विस्तार अधिकारी समोरच बसले होते, त्यांना लिहून घेणं भाग पडलं. ठराव रद्द झाला. आठ दिवसांत मंगलाबाईंना खुलाशाची नोटीस आली, मानधन अडकलं, आणि त्याच आठवड्यात महिला सभा नव्यानं लागली.

या खेपेला बाया खरोखर आल्या. नवसाबाई आरोहीला कडेवर घेऊन बसल्या. पेव्हर ब्लॉकचं नाव निघालं तशा त्या म्हणाल्या, "मंग पोरं काय ब्लॉकवर बसवायची का हागायला?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. खोली आणि संडास एकमतानं ठरलं.

भाऊसाहेबांनी सवयीनं वही-पेन मंगलाबाईंपुढे धरलं, ठराव मागाहून लिहितो म्हणाले. बाईंनी पेन त्यांच्याच हातात परत दिलं. ते लिहीपर्यंत कुणी उठलं नाही. मग बाईंनी ठराव मोठ्यानं वाचला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि सर्वांत शेवटी, एकसष्टावी, स्वतःची केली.

खुलाशात काय लिहायचं, ते त्यांना अजून सुचलं नव्हतं. खोली उभी राहायला वर्ष लागणार होतं, आणि पाटाला तर आज सकाळीच पाणी सुटलं होतं. आरोहीला घेऊन त्या तशाच मंडपाकडे गेल्या आणि पोरं मोजली. बावीस भरली, तेव्हा खाली बसल्या.