आजोबांनी चोर मारला त्याची गोष्ट

आजोबांनी चोर मारला ही गोष्ट आमच्या घरात सांगत नाहीत, करून दाखवतात. थोरले काका आजोबा होतात, माझे बाबा चोर. काका पहार उगारतात, बाबा दबकत येतात, आई आजी होऊन दाराआडून "अहो, सांभाळा!" ओरडते आणि सगळे खो खो हसतात. मीही हसलेय. यंदा म्हटलं, शूटिंग करून ठेवू, माझ्या पोरीच्या पोरांना बघता येईल. घरामागच्या ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये, घडलं तिथेच, वेल्डिंगचं टेबल बाजूला सारून मोबाईल लावला.

काकांनी पहार उचलली तेवढ्यात आत्या, या दोघांची थोरली बहीण, स्टुलावरून म्हणाली, "तो दबकत आला नव्हता. बसून जेवत होता."

"ताई, तुला डोंबल आठवतंय!" काका हसले.

"त्याच्याच ताटात जेवत होते मी. चोर कसला रे? आपला धाकटा काका, बापाचा सख्खा भाऊ. वर्कशॉपातला वाटा मागायला आला होता."

"ते तर बोटीवर नोकरीला गेले ना?" बाबांनी विचारलं.

"बोटीवर! बापाने पहिला घाव कानावर घातला. मग तोंडावर घालतच राहिला, कुणी ओळखू नये म्हणून. ताटात रक्त उडालं. ते ताट मला घासायला लावलं."

"बंद कर ते!" काका माझ्यावर खेकसले.

"मुळीच नाही. आत्या, तू बोल."

काका पहार घेऊन आत्यावरच धावले. बाबा मध्ये पडले. वाळकं लाकूड मोडावं तसं त्यांच्या हाताचं हाड मोडलं, मला ऐकू आलं. काकांनी पुन्हा पहार उगारली तशी मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. हो, चावले! बघत बसू? तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. पहार पडली. मग त्यांनी माझा मोबाईल टाचेखाली चेचला, चुरा होईपर्यंत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं झालं हे?"

"शिडीवरून पडलो," बाबा म्हणाले.

"तरी मी म्हणत होते, शिडी मोडकी आहे," आई म्हणाली.

"मीच धरायला हवी होती," काका म्हणाले, मनगटाला रुमाल गुंडाळून.

बघता बघता गोष्ट तयार, संवादांसकट! आत्या खाली मान घालून बसली होती. माझं डोकंच फिरलं.

"शिडीबिडी काही नाही. काकांनी पहार मारली. आत्याने खरं सांगितलं म्हणून तिला मारायला धावले होते."

काकांची थप्पड माझ्या कानशिलात बसली, डॉक्टरीणबाईंच्या समोर. कान सुन्न झाला.

"बाबा, आता मी कशावरून पडले म्हणून सांगायचं माझ्या पोरीला?" मी ओरडले.

बाबांनी भावाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"पहार होती, बाई," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "दादाने मारली." आणि लहान पोरासारखे रडायला लागले.