गाठोड्याचा अर्थ

गाण्यांचे अर्थ लावायची मला भारी खोड. खाणीत कोळसा काढायचो, तरी गावातल्या रॉक बँडच्या गाण्यांवर दर महिन्याला चार पानं टाइप करून क्लबात वाटायचो. लोक वाचायचे हो! त्यानंच डोकं फिरलं माझं.

संप मोडून वर्ष झालं होतं. आमच्या यॉर्कशरच्या खेड्यात संपफोड्याला माफी नाही. तो क्लबात शिरला की सगळे पाठ फिरवतात, तो मरेपर्यंत. संपात फुटलेल्यांना कामावर नेणाऱ्या बसला जाळ्या असायच्या, आतले चेहरे दिसायचे नाहीत, त्यामुळे संशय अजून घोळत होता. अशात बँडच्या रसेल रॅम्सडेननं नवं गाणं गायलं. संपाच्या दिवसांत पहाटे पाचला बाप मागच्या दारानं निघतो, टोपी डोळ्यांवर, कोटाखाली गाठोडं, भिंतीच्या कडेकडेनं. शेवटी मुलगा म्हणतो, बाबा, मी खिडकीतून पाहिलं.

सापडलं, म्हटलं! गाठोड्यात खाणीतले कपडे. रसेलचा बाप क्लिफर्ड पहाटेच्या धरण्याला कधीच नसायचा. बायको आजारी म्हणायचा. दिलं ठोकून : ‘पोटच्या पोरानं बापाची गद्दारी चव्हाट्यावर आणली.’

रविवारी दुपारी क्लिफर्ड क्लबात आला आणि सगळ्यांनी पाठी फिरवल्या. मीसुद्धा. वर छाती फुगवून.

सोमवारी रसेल माझ्या दारात. “अरे गाढवा, गाठोड्यात आईच्या चादरी होत्या! तिला अंथरुणातच होतं सगळं. रोज दोरीवर चादरी दिसल्या तर गल्लीला कळलं असतं, म्हणून बाबा आत्याकडे नेऊन स्वतःच्या हातानं धुवायचे. मी त्यांचं कौतुक गायलं रे!”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच क्लिफर्डच्या घरी गेलो. तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता.

“क्लिफर्डकाका, चुकलो. पुढच्या अंकात खरं काय ते छापतो.”

“काय छापशील?” त्यानं वर माडीकडे बघून आवाज खाली आणला. “एडिथ अंथरूण ओलं करते, हे?”

त्यानं सोललेला बटाटा पातेल्यात टाकला.

“काही छापायचं नाही. रसेललाही बजावलंय. लोकांना मला काय म्हणायचं ते म्हणू देत. जाईल तेव्हा ती या गल्लीतून ताठ मानेनं जायला हवी.” मग सुरी पुसत म्हणाला, “चहा घेतोस?”



पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. अर्धा ग्लास बिअर घेऊन कोपऱ्यात एकटा बसला. पाठी फिरल्याच. मला तोंडानं काही सांगायचं नव्हतं, छापायचं नव्हतं. नुसतं त्याच्या शेजारी जाऊन बसायचं होतं. उठलोसुद्धा.

“काय पंडित, कुठं निघाली स्वारी?” बर्नार्डनं विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“लघवीला,” म्हटलं.

आणि तो उठून घरी जाईपर्यंत मी मुतारीतच भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.