तुळजाजींना न विचारता

मी एक जुनी लाल पट्टी आहे. कापडाची नाही आणि कागदाचीही नाही. मित्रांनो, तुम्ही मोबाइलवर एखादं दुकान उघडता, तेव्हा काही वस्तूंच्या फोटोवर कोपऱ्यात तिरकी पट्टी दिसते ना, भाव उतरला असं सांगणारी? ती मी. माझ्या अंगावर तमिळमध्ये 'तळ्ळुपडी' लिहिलं आहे, म्हणजे सवलत. दुकानाचं पान जिथे जिथे उघडतं तिथे तिथे मी असते, आणि समोर जे चालतं ते बघते, ऐकते. तेच पुढे मला फार जड गेलं.

माझा जन्म चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात झाला. घर सईबाईंचं. त्या तंजावरकडच्या मराठी. कारकुनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांचं ऑनलाइन दुकान काढलं. त्यांचा भाचा कार्तिक संगणकातला. त्यानं एका रविवारी बसून मला काढलं. आधी हिरवी काढली होती. सईबाई म्हणाल्या, "हिरवी नको रे, बाहुली कच्ची आहे असं वाटतें." तेव्हा मी लाल झाले, आणि खरं सांगते, मला स्वतःचा थोडा गर्वच झाला.

पहिली तीन वर्षं सईबाई मला स्वतःच्या हातानं लावत. पण बाहुली पडून राहिली की लाव पट्टी, असं नव्हतं. दर शुक्रवारी सकाळी कॉफी झाली की त्या चष्मा पुसत आणि ज्यानं ती बाहुली घडवली त्याला आधी फोन करत. "लावूं का?" असं विचारत. त्यानं हो म्हटलं तरच माझी पाळी. बाकीचे कारागीर एका मिनिटात "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून मोकळे होत. तुळजाजींना मात्र अर्धा तास लागे.

तुळजाजी चेन्नईच्याच अंबत्तूर भागात एकटे राहत. कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सईबाई त्यांना मामा म्हणत, नातं काहीच नव्हतं. फोनवर आधी पाऊसपाणी, मग गुडघे, मग शेजारणीचं सांबार, आणि शेवटी माझा विषय.

"लावूं का मामा?"

"नको गे सई. एक वारम राहूं दे. गिऱ्हाईक येईल. माझे बाहुलेस काय कुष्ठ झालें, लाल डाग लावतेस?"

सईबाई हसत आणि मला आणखी एक आठवडा बाजूला ठेवत. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा. एवढी नटूनथटून बसलेली मी, आणि हा माझं नाव डाग ठेवतो! तेव्हा मला कळत नव्हतं, की आठवडाभरात त्यांना येणारा तो एकच फोन होता.

गेल्या वर्षी तुळजाजींनी लग्नाच्या वरातीचा संच केला. नवरा-नवरी, करवल्या, सनईसारखं नादस्वर वाजवणारे. त्यांचा हात थरथरू लागला होता. एका नादस्वरवाल्याचा डोळा जरा तिरका झाला, नवरीच्या कपाळाची रेघ हलली. हा आपला शेवटचा संच, हे ते जाणून होते. सईबाईही जाणून होत्या. संच विकला जात नव्हता, पण दर शुक्रवारी "राहूं दे" आणि "राहू देते" चालू होतं.

मग सईबाईंना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. महिनाभर पडद्याकडे बघायचं नाही. कार्तिक म्हणाला, "आत्या, तू काळजी सोड. मी नियम लिहून देतो, पट्टी आपोआप लागेल. फक्त सांग, पट्टी लावण्याआधी तू काय काय बघतेस?"

सईबाईंनी विचार करून सांगितलं, "किती दिवस पडून आहे तें बघतें. माल किती उरला तें बघतें. नवीन आलेल्यास लावत नाहीं."

"बस? आणखी काही?"

"आणखी काय?"

मित्रांनो, घात इथेच झाला. कारागिराला विचारणं हेही काम आहे असं त्यांच्या मनातच आलं नाही. घरातून निघताना "येते" म्हणतो, ते कुणी कामाच्या यादीत लिहितं का? कार्तिकनं मन लावून नियम लिहिला. नव्वद दिवस झाले की पट्टी. त्यात त्याची काही चूक नव्हती. जे त्याला कुणी सांगितलंच नाही, ते तो कुठून लिहिणार?

पहिल्याच पहाटे मी चाळीस बाहुल्यांवर एकदम चढले. काय माझा थाट! बाहुल्या भराभर खपल्या. खोकी बांधता बांधता मदतीला येणाऱ्या विमलाबाईंची कंबर मोडली. सगळ्यांनी कार्तिकची पाठ थोपटली, आणि मला वाटलं, ती शाबासकी माझीच. सईबाई डोळ्याला हिरवं फडकं लावून पडून होत्या. फोन करायचं आता कारणच उरलं नव्हतं, म्हणून एक शुक्रवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

चौथ्या शुक्रवारी पहाटे वरातीच्या संचाचे नव्वद दिवस भरले आणि मी त्याच्यावर लागले.

त्याच दिवशी अंबत्तूरमध्ये शेजारच्या नित्यानं तुळजाजींना मोबाइल दाखवला. "तात्ता, तुमचा संच बघा!" तिला वाटलं आजोबा खूश होतील. तुळजाजी वाकून बघत राहिले. त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सईनें लाविलें?" नित्या म्हणाली, "दुकान त्यांचंच ना." ते हळूच आत गेले. मला तेव्हा त्या फोटोवरून गळून पडायचं होतं. पण मला स्वतःहून पडता येत नाही. संध्याकाळपर्यंत संच विकला गेला.

सईबाईंना हे कळलं ते फडकं सुटल्यावर. तशाच काळा चष्मा लावून त्या लोकलनं अंबत्तूरला गेल्या. तुळजाजींनी दार उघडलं, कॉफी केली. त्यांच्यापुढे मोबाइल धरून सईबाई रडत म्हणाल्या, "मामा, मी नाहीं लाविली. माझे डोळ्याचें ऑपरेशन होतें. नियमानें आपोआप लागली."

"ऑपरेशन? मला कुणी सांगितलें नाहीं." त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या नियमाकडे माझा नंबर नव्हता काय?"

सईबाईंनी नवा संच करायची गळ घातली. तुळजाजींनी मागचं अंगण दाखवलं. चाळीस वर्षांचे साचे त्यांनी फोडून ढीग करून ठेवले होते. "मला वाटलें, सईस माझें काम आतां नको," एवढंच ते म्हणाले.

सईबाईंनी घरी येऊन कार्तिककडून नियम बंद करवला. आता पुन्हा दर शुक्रवारी फोन होतो. तुळजाजींचा एक छोटा हत्ती तेवढा दुकानात उरला आहे. सईबाई जीव मुठीत धरून विचारतात, "लावूं का मामा?" त्यांनी भांडावं, मला डाग म्हणावं, एक वारम थांबव म्हणावं, म्हणून त्या थांबतात. मीसुद्धा थांबते.

"लाव," तुळजाजी म्हणतात, आणि फोन ठेवतात.

सईबाई मला लावत नाहीत. बंद फोन बराच वेळ कानाशी धरून बसतात.

मित्रांनो, माझ्यासारखी कामं यंत्राला जरूर द्या, त्यानं वेळ वाचतो. पण ज्याच्या हातची वस्तू आहे त्याला एकदा विचारायचं काम कुणालाही देऊ नका. ते तुम्हीच करा. आणि तो अजून "नको" म्हणतो आहे, तोवरच करा.