नवसाची द्राक्षवेल

आजोबांनी लावलेल्या द्राक्षवेलीची साल हिंमतरावांनी नखाने उचलली. सालीखाली कापसासारखे पांढरे पिठ्या ढेकूण बुजबुजले होते. पुण्याजवळच्या मांजरी गावातली त्यांची चिमुकली वायनरी अशाच जुन्या वेलींवर चालायची, आणि ही कीड एका वेलीवर थांबणारी नव्हती.

चूक सुनेची. पाहुण्यांना वेल दाखवताना राजनंदिनी गमतीत म्हणाली होती, ‘‘आमची वेल नवसाला पावते हं!’’ पुण्यात सगळ्यांना विनोद कळतो, हा तिचा गैरसमज. तेव्हापासून नवस बोलणाऱ्यांची मुळाशी दूध-साखर सुरू झाली. साखरेवर मुंग्या आल्या, मुंग्यांमागून ढेकूण.

आज तर नगरसेवक दुधाचा कॅन घेऊन हजर. नवस फळला होता, ते निवडून आले होते.

‘‘साहेब, दुधानं वेल मरेल हो,’’ हिंमतराव कसेबसे म्हणाले.

‘‘अहो, देव कुठे मरतो का?’’ साहेब हसले. मग गंभीर झाले. ‘‘पण उघड्यावर हाल होतात, हे खरंय. देऊळच बांधू या.’’

हिंमतरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर साहेबांच्या माणसाने देवळाचा पाया खणायला बागेतलीच पहार उचलून थेट मुळांवर टेकवली होती.