रिकामी खुंटी

मित्रांनो, कपाटाच्या वर, पंख्याच्या खोक्यामागे एक करडी सॅक पडलेली आहे. तिची चेन अडकते आणि तळाच्या शिवणीत अजून समुद्राची वाळू आहे. ती सॅक म्हणजे मी.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. मशीनवर बसलेल्या बाईंनी माझे पट्टे शिवले, ओढून पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "सगळा भार इथेच येतो गं. इथे कच्चं राहिलं, की गेला माणूस तोंडावर!" दोघी हसल्या. मला मात्र त्या दिवसापासून काळजी करायची खोड लागली.

माझे मालक प्लंबर होते. कितीतरी वर्षं मी त्यांचे पाने, वॉशर आणि तोट्या वाहिल्या. लोक त्यांच्या हाताचं कौतुक करत, आणि जाता जाता माझंही. "पिशवी दणकट आहे हो तुमची," असं कुणी म्हटलं की मी फुगून जाई. मग त्यांचा उजवा खांदा धरला, कान मंद झाले आणि कामं थांबली. मी पलंगाखाली गेले.

तिथून मला त्यांच्या मुलीने बाहेर काढलं. धुतलं, उन्हात उलटं टांगलं आणि हत्यारांच्या जागी कपडे भरले. बापलेक किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत जाणार होते.

"जन्मभर लोकांच्या घरी गरम पाणी पोचवलं," मालक म्हणाले, "आता फुकटचं कुठे मिळतं ते तरी बघू."

मुलगी स्वभावाने काळजीवाहू. टोपी घाला, पाणी प्या, सावलीत बसा. मालक तिला 'मुकादम' म्हणत.

"मुकादम, चहाची सुट्टी?"

"आत्ताच झाली बाबा. आणि ती सॅक द्या इकडे. खांदा दुखतोय, दिसतंय मला."

"माझी मी उचलीन. तू तुझी सांभाळ."

हा वाद प्रत्येक पुळणीवर होई. खारं वारं माझ्या चेनीत शिरत होतं, लाटा पायाशी येत होत्या आणि मी जीव मुठीत धरून मालकांच्या पाठीवर बसले होते.

झरे एका कड्याखाली, खडकांच्या आड होते. दगडी पायऱ्या उतरून जायचं. ओहोटीला खडकांतल्या कुंडांमधून वाफा निघत. भरती आली की समुद्र तिथली वाट गिळून टाकी. पायऱ्यांच्या तोंडाशी फाटक होतं, फाटकाशी एक छप्पर, आणि छपराखाली खुंट्यांची फळी. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे किल्लीमावशी म्हणत. त्यांचा नियम एकच होता : आत जाताना पिशवी खुंटीवर, बाहेर पडताना पाठीवर. मावशींचे गुडघे गेलेले, त्यांना खाली उतरवत नसे. पाणी भरतीकडे वळलं की त्या घंटा वाजवत आणि फळी पाहत. पिशवी लटकत असेल तर माणूस आत आहे. फळी रिकामी, तर फाटकाला कुलूप.

मालकांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवलं आणि मला खुंटीला अडकवलं. दोघं खाली गेले.

मुलगी आधी वर आली. केस पुसत तिने माझ्याकडे पाहिलं. मग एका खांद्यावर स्वतःची सॅक आणि दुसऱ्यावर मला घेतलं. मावशी तेव्हा विहिरीवर होत्या. चढ मोठा होता. बाबांना तेवढंच हलकं वाटेल, असं तिच्या मनात आलं असावं.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! ती एकेक पाऊल चढत होती आणि मागे माझी खुंटी रिकामी होती.

वरच्या खानावळीत तिने मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि दोन चहा सांगितले. खालून घंटा ऐकू आली. ती निवांत होती. घंटा झाली, आता बाबा येतीलच. पण त्यांचे कान माझ्या कप्प्यात होते. चहावर साय धरली. तेवढ्यात किल्ल्या वाजवत मावशीच आल्या.

"झालं बाई! लावलं कुलूप."

"माझे बाबा दिसले का वाटेत?"

"कुणी नाही आत. फळी रिकामी आहे."

"अहो, आहेत ते आत! कुंडात बसलेत!"

"मग त्यांची पिशवी कुठंय?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मुलीने मला पट्ट्याला धरून उचललं आणि धावत सुटली. मागून मावशी, गुडघ्यांना शिव्या देत. कुलूप निघालं. मला पायरीवर टाकून दोघी छपरातला दोर घेऊन खाली गेल्या. मला नुसतं ऐकू येत होतं. "बाबा!" मग लाट. "बाबा!" मग पुन्हा लाट. मधला प्रत्येक क्षण मला जुन्या भाराहून जड गेला. आणि मग मावशींचा आवाज, "सोडू नका दोर! काका, सोडू नका!"

मालक वर आले तेव्हा पार गारठले होते. दात वाजत होते. त्यांनी माझा कप्पा उघडला, यंत्र कानात घातलं आणि म्हणाले, "हं. आता बोल."

ती त्यांचं डोकं पुसत राहिली. बोलल्या त्या मावशी, आणि पोटभर बोलल्या.

त्या संध्याकाळी मालक एवढंच म्हणाले, "ओझं नेलंस त्याचं काही नाही, मुकादम. पण मला सांगून न्यायचंस." पुढच्या वाटेवर त्यांनी मला दोघांच्या मधे धरलं, एक पट्टा त्यांच्या हातात, एक तिच्या. मी दोघांच्या गुडघ्यांवर आपटत होते. येणारेजाणारे हसत होते. त्या चालीत माझी काळजी पहिल्यांदा थोडी निवली.

मालक त्यानंतर बरीच वर्षं होते. गेले ते घरी, आपल्या अंथरुणात. आवराआवर करताना तिचे काका म्हणाले, "ही कशाला ठेवतेस? चेनही धड नाही." तिने मला इथे वर ठेवलं.

कधीमधी ती मला खाली काढते. माझ्या आतल्या कप्प्यात मालकांनी शेवटी शेवटी एक पितळी तोटी ठेवली आहे, फडक्यात गुंडाळून. ती कुणाच्या घरची, त्यांनी का जपली, हे तिला माहीत नाही. ती तोटी हातात घेते, फिरवून पाहते, पुन्हा गुंडाळते. मला सगळं ठाऊक आहे. पण माझी वाचा तिच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून, मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची वाळू झटका, चेनींना मेण लावा. आणि ज्यांच्या पाठीवर त्या हिंडल्या, त्यांना जे विचारायचं ते विचारून घ्या. ते समोर बसलेले असतानाच.