वाचलेली बारा मिनिटं

जयदीप चाकणच्या एका कंपनीत तयार भाग तपासायचा. दोष शोधायचा, त्याचं कारण शोधायचं, कारण काढून टाकायचं. चौदा वर्षं हेच. मुलीच्या बारावीमुळे बायको आणि मुलगी लातूरला. पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये तो एकटा. कामाव्यतिरिक्त त्याचं तोंड उघडायचं ते रविवारी, निगडीहून सुटणाऱ्या सायकल ग्रुपमध्ये.

ग्रुपचा रिवाज असा की, सोमाटणे फाट्यावर शेवटचा माणूस पोचल्याशिवाय चहा सांगायचा नाही. सतरा किलोची जुनी सायकल रेटणारा जयदीप नेहमी मागे असे. सोबतीला थेरगावचे मारुतराव, साठी उलटलेले. ते रस्ताभर बोलत. विकलेली जमीन, हलणारा दात, सुनेनं केलेला पास्ता. "मला वाटलं शेवया बिघडल्यात. म्या गूळ मागितला!"

"आले बघा साहेब लोक," फाट्यावर कुणीतरी म्हणे. मारुतराव सगळ्यांबरोबर हसत. जयदीपला ते लागे. दहा माणसं आपल्यासाठी खोळंबतात, हा त्याच्या लेखी दोष होता. कारणही सापडलं: सायकल.

दिवाळीच्या बोनसमध्ये साठवलेले पैसे घालून त्यानं एक लाख अडतीस हजारांची कार्बनची सायकल घेतली.

"एवढ्यात मोटरसायकल आली असती, भावा," ग्रुपमधला प्रीतम म्हणाला.

मारुतरावांनी ती एका हातानं उचलून पाहिली. "आरं, ही चालवायची का खिशात घालायची?"

पैसे वाया गेले नव्हते. जयदीपनं मोजून पाहिलं होतं. फाट्यापर्यंतची शेहेचाळीस मिनिटं चौतिसावर आली. खात्रीसाठी त्यानं जुन्या सायकलला चांगले टायर घालून पाहिले; त्यांनी तीनच वाचली. उरलेली नऊ महागड्या सायकलचीच होती.

पुढच्या घोळक्यात मात्र कुणी बोलत नसे. बोलायला दम उरत नव्हता आणि समोरच्या चाकावरून नजर काढायची सोय नव्हती. फाट्यावर सगळे मोबाइलमध्ये आपापला वेग बघत उभे. मागून मारुतराव एकटेच येत.

तिसऱ्या रविवारी जयदीप मुद्दाम मागे राहिला. मारुतराव खाली मान घालून पेडल मारत होते. घोरावडेश्वरच्या चढाशी म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. एवढी भारी गाडी माझ्यापायी रखडवू नका."

"मला घाई नाही हो."

"आधी आपुन दोघं बी मागं पडायचो. आता तुमी थांबताय."

कुणी आपल्यासाठी थांबलं की काय वाटतं, हे जयदीपला पक्कं ठाऊक होतं. तो पुढे गेला.

नंतरचे दोन रविवार मारुतराव आलेच नाहीत. दुसऱ्या रविवारी घरी परतल्यावर जयदीपनं फोन लावला.

"बरा हाय की. सकाळचं नातीला बागेत नेतो आता. गाडी कशी पळती?"

"छान पळते. मारुतराव, मी जुनी काढतो. पुढच्या रविवारी या."

"नगा राव. नवी घरात ठिवून, माझ्यासाठी जुनी? त्यानं तर मला आणिक अवघड व्हईल."

जयदीप काही बोलणार, तेवढ्यात पलीकडे लहान मुलीनं हाक मारली.

"ठेवतो. सावकाश चालवा."

सकाळचे दहा वाजले होते. त्यानंतर दिवसभर तो कुणाशी बोलला नाही.